करंड्यातल्या गोळ्या

ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला असतो. आई गावी, देवगड तालुक्यात. वय ६८. बाबा गेल्यापासून घरात एकटीच, शेजारी काका-काकू आहेत. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला इकडे आली तेव्हा प्रेशर निघालं. इथल्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ एकत्र असलेली गोळी रोज एक अशी लिहून दिली. तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या मी पोचवतो. यंदा गणपतीला गेलो तर देवघरातल्या पितळी करंड्यात गोळ्या सापडल्या. बाबा गेल्यापासून तो रिकामाच होता. सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून एकत्र ठेवलेल्या आणि त्याही दोन प्रकारच्या : मी नेलेल्या, आणि आशाताईंनी उपकेंद्रातून आणून दिलेल्या छोट्या पांढऱ्या. काही फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. विचारलं तर म्हणाली, पाय सुजायला लागले म्हणून श्रावणापासून बंद केल्या. ‘माका काय झालाहा? मगे गोळी कित्याक खाऊ?’ चुलतभावाच्या मशीनवर १६८/९६ आलं. मे महिन्यात १२२/७४ होतं, म्हणून तिला वाटतं की आजार तेव्हाच बरा झाला. लावणीच्या दिवसांत गुडघ्यांसाठी दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या. शिवाय कुणीतरी प्रेशर उतरवणारी मुळी दिलीय, ती उगाळून घेते. मी चिडलो, ती रडली. आता काय करू? दिवाळीला तिला इकडे आणायचंय.
– स. रा., डोंबिवली

भाऊ,

चिडलात ते मी समजू शकते. पण तो करंडा एकदा पुन्हा डोळ्यांसमोर आणा. ज्या बाईला गोळ्या नको असतात ती त्या परसात टाकते, नाहीतर कोंबड्यांना पसरते, हे मी पाहिलंय. तुमच्या आईने त्या घरातल्या सगळ्यात जपायच्या जागी ठेवल्या, त्यासाठी एकेक पाकीट बसून सोललं. काळजी घेण्यात ती कमी पडलेली नाही. कशाची काळजी घ्यायची, ते तिला कुणी सांगितलेलं नाही. त्यात तुम्ही आलात, आणि माझ्यासारखे काउंटरमागे उभे राहून पाकीट पुढे सरकवणारेही आले.

मी डॉक्टर नाही. औषधाच्या दुकानात सव्वीस वर्षं काढलेली फार्मासिस्ट आहे. तेव्हा गोळी कोणती आणि किती हे मी ठरवणार नाही. पण तुमच्या पत्रात मला एक गोष्ट दिसतेय, ती डॉक्टरांच्या कानावर गेलीच पाहिजे.

त्याआधी आजचं काम. १६८/९६ हा आकडा चांगला नाही, पण आईला दुसरा काही त्रास नसेल तर रात्री गाडी करून धावत सुटावं असाही नाही. ज्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली त्यांना आजच फोन करा. किती दिवस बंद आहे ते सांगा, पुन्हा कुठून सुरू करायची ते विचारा. आणि दोन-तीन दिवसांत काकूंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊ दे. नेताना तो करंडा, दोन्ही प्रकारची रिकामी पाकिटं, गुडघ्याच्या गोळ्या आणि ती मुळी, सगळं एका पिशवीत. ‘छोटी पांढरी गोळी’ एवढ्यावरून कुठल्याच डॉक्टरांना काही कळत नाही, आमच्या धंद्यात निम्म्या गोळ्या छोट्या आणि पांढऱ्याच असतात. मात्र छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, एका अंगाला मुंग्या किंवा बळ जाणं, नजर अंधुक होणं, यातलं काही झालं तर आकडा कितीही असो, थेट १०८. आणि त्या घाईत कुणी शहाणा जिभेखाली प्रेशरची गोळी ठेवायला निघाला तर त्याचा हात धरा. पूर्वी हा प्रकार सर्रास चालायचा. त्याने प्रेशर एकदम कोसळतं आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

आता ती गोष्ट. आशाताईंनी आणून दिलेली छोटी पांढरी गोळी काय होती? पाकिटावर पाहा. माझा कयास आहे की ती ॲम्लोडिपिन ५ असावी, कारण सरकारी दवाखान्यात प्रेशरसाठी बहुतेकदा तिच्यापासूनच सुरुवात होते. तुम्ही नेलेल्या जोडगोळीतही ॲम्लोडिपिन ५ आहेच. म्हणजे आईने सकाळी तुमची आणि रात्री उपकेंद्राची घेतली असेल, तर तिच्या पोटात दिवसाला ॲम्लोडिपिन १० जात होतं आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. एकाला वाटलं मुलगा देतोय, दुसऱ्याला वाटलं सरकार देतंय. आईला वाटलं दोन वेगळी औषधं आहेत. का नाही वाटणार? एक मोठी, एक छोटी, एकीचं पाकीट चकचकीत, दुसरीचं साधं.

आणि ॲम्लोडिपिनचा सगळ्यात ठळक दुष्परिणाम कोणता, तर घोट्याभोवती सूज. डोस वाढला की ती वाढते, बायकांना जास्त येते. आईचे पाय का सुजले असतील याचं एक उत्तर इथे असू शकतं. दुसरं उत्तर गुडघ्याच्या गोळ्यांत असू शकतं, त्यांच्याकडे येतेच. तिसरं हृदयात किंवा मूत्रपिंडात असू शकतं, म्हणून डॉक्टरांनी पाय दाबून बघायला हवेत. पण ‘सूज आली’ म्हणून कुणाच्या सांगण्यावरून लघवी होण्याची गोळी मात्र चालू करू नका. ॲम्लोडिपिनच्या सुजेला तिचा फारसा उपयोग होत नाही. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. टेल्मिसार्टन सोबत असलं तर ही सूज कमीही राहते. उपाय आहेत हो. फक्त आईने ‘पाय सुजतात’ हे डॉक्टरांना सांगायच्या ऐवजी स्वतःलाच सांगितलं आणि निकाल लावून टाकला.

यापुढे गोळ्या एकाच ठिकाणाहून येऊ द्या. तुमच्याकडून, नाहीतर आरोग्य केंद्रातून. मला विचाराल तर मी दुसरं म्हणेन. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ साली सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. तिकडच्या केंद्रांना हे काम नवं नाही, गोळ्या फुकट मिळतात, आणि महिन्याला जाणं झालं की महिन्याला प्रेशरही मोजलं जातं. तीन महिन्यांच्या गोळ्या पोचवणाऱ्या मुलाला तो आकडा थेट गणपतीतच दिसतो. पण जिथून घ्याल तिथून, ब्रँडचं मोठं नाव सोडून त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचा. ब्रँड शंभर असतील, मूळ नावं चार-दोनच. ते नाव मराठीत मोठ्या अक्षरात कागदावर लिहून आईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे आशाताई आणि काकूही वाचतील.

करंड्याबद्दल. टेल्मिसार्टन हवेतली ओल ओढून घेतं. म्हणूनच ते बहुतेकदा दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पाकिटात येतं आणि खायच्या वेळीच बाहेर काढायचं असतं. कोकणातल्या आषाढ-श्रावणात मिठाला पाणी सुटतं, आगपेटी पेटत नाही, कपाटातल्या साडीला बुरशी येते. त्या हवेत सोललेली गोळी महिनाभर ठेवली तर ती फुगणार, मऊ पडणार, तिच्यात किती औषध उरलंय याचा भरवसा नाही. त्या सगळ्या गोळ्या टाकायच्या आहेत. चांगल्या दिसणाऱ्यासुद्धा. परसात किंवा विहिरीकडच्या वहाळात नकोत. न चुरडता चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

नवीन गोळ्या आल्या की पाकीट कात्रीने कापा, पण एकेक गोळी सुटी कापू नका. टोकेरी कडांच्या पाकिटासकट गोळी गिळल्याचे प्रकार घडतात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत आणि कमी उजेडात. दोन-दोन गोळ्यांचे तुकडे करा. नाव आणि मुदतीची तारीख छापलेला तुकडा वेगळा जपून ठेवा. करंड्याचं तोंड मोठं असेल तर हे तुकडे खुशाल त्याच करंड्यात ठेवा. जागा तिने निवडलीय, रोज सकाळी दिवा लावताना हात तिथे जातोच, याहून चांगली आठवण दुसरी कुठली? सकाळी घ्या की रात्री, त्याने फारसा फरक पडत नाही. वेळ रोज तीच हवी, एवढंच. विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आठवलं तर गेलेली गेली, त्या दिवसाची एकच घ्यायची, दोन नाही. श्रावणी सोमवार असो की संकष्टी, घोटभर पाण्याने गोळी घेतली तर उपास मोडत नाही, असं आमच्या घरच्या भटजींनी माझ्या सासूबाईंना सांगितलं होतं. तुमच्या भटजींकडून आईला सांगून घ्या, माझ्यापेक्षा त्यांचं चालेल.

‘माका काय झालाहा?’ या प्रश्नाला मात्र उत्तर द्यायला हवं, आणि चिडून नाही. तिचं म्हणणं खोटं नाही. तिला खरंच काही होत नाही. प्रेशर दुखत नाही, खाजत नाही. गोळी घेतली काय, सोडली काय, अंगाला फरक कळत नाही. शिवाय ॲम्लोडिपिन अंगातून फार हळू उतरतं. त्याचा जोर निम्मा व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणजे आज गोळी सोडली तर उद्या-परवा मशीनसुद्धा ठीकच दाखवतं. तिने सोडून बघितली, काही बिघडलं नाही, मग अजून दोन दिवस. आठवड्याभराने प्रेशर चढलं तेव्हा गोळीची आठवण कुणाला? मे महिन्यातलं १२२/७४ गोळीमुळे होतं. तिला असं विचारा : घर गळत नाही म्हणून दरसाल पावसाच्या तोंडावर कौलं परतणं सोडतेस का गं? देवगडच्या बाईला पुढचं समजावून सांगावं लागणार नाही.

सगळ्याच गोळ्या अशा सावकाश उतरत नाहीत, हेही सांगून ठेवते. माझ्या वडिलांना ॲटेनोलॉल होती. एका लग्नाच्या गडबडीत संपली, ‘परत आल्यावर घेऊ’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी मांडवात छातीत धडधड, घाम, छातीवर दडपण. निभावलं, पण त्या जातीची गोळी एकदम थांबवली की हृदय उलटून धावतं, हे मला पुस्तकात शिकून झालं होतं आणि घरातल्या डबीत किती गोळ्या उरल्यात ते मी बघितलं नव्हतं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन, यांपैकी काही असेल तर एक दिवसही खाडा नको. बंद करायचीच तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात.

आता गुडघ्याच्या गोळ्या. पत्रातली ही ओळ तुम्ही सहज लिहिलीत, मला तिचीच जास्त काळजी वाटते. लावणीत कंबर आणि गुडघे धरतात, बायका दुकानात येतात, ‘दुखण्याची दे’ म्हणतात, आणि डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन जातात. मीही दिल्यात, सुरुवातीच्या वर्षांत, काही न विचारता. या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, प्रेशर चढवतात, पायावर सूज आणतात. आणि टेल्मिसार्टनसोबत त्या मूत्रपिंडाला गाठतात. कुणगा म्हणजे भाताचं खाचर डोळ्यांसमोर आणा. दुखण्याची गोळी वरच्या पाटाचं पाणी कमी करते, टेल्मिसार्टन खालचं दार सैल ठेवतं. दोन्ही एकदम झालं तर कुणग्यात पाणी ठरत नाही. मूत्रपिंडातल्या गाळणीचं तसंच होतं. त्यात दिवसभर चिखलात उभं राहून पाणी कमी प्यायलेलं असलं, किंवा लघवीची गोळीही चालू असली, तर दोन दिवसांत मूत्रपिंड बसू शकतं. आता कापणी तोंडावर आहे, ऑक्टोबरचं ऊन आहे, पुन्हा तीच कंबर आणि तोच दुकानदार. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल त्या मानाने बरी, किती आणि किती दिवस ते केंद्रातच विचारून ठेवा. विरघळणारी फसफसणारी नको, तिच्यात सोडा म्हणजे सोडियम असतं. सर्दीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत, नाक मोकळं करणारं औषध प्रेशर वाढवतं.

याच्याच जोडीला : जुलाब-उलट्या लागल्या, किंवा शेतातून आल्यावर ताप भरला आणि पोटऱ्या दुखायला लागल्या, तर घरी काढा करत बसायचं नाही. आपल्याकडे भाताच्या दिवसांत लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप असतो, तोही मूत्रपिंडावरच जातो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि ‘मला प्रेशरची गोळी चालू आहे’ हे पहिलं वाक्य बोलायचं. अशा वेळी डॉक्टर टेल्मिसार्टन थोडे दिवस थांबवायला सांगू शकतात. त्यांनी सांगितलं तरच.

मुळीची थट्टा मी करणार नाही. ती सर्पगंधेची असेल तर तिच्यात खरंच औषध आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने प्रेशर उतरतं हे मांडलं तेव्हा जगभरच्या डॉक्टरांनी कान टवकारले होते. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते पुढे कित्येक वर्षं वापरात होतं. भीती तिथेच आहे. सहाणेवर चार वळसे उगाळले की सहा, याने डोस बदलतो. वरून गोळी चालू असली की प्रेशर नको तितकं उतरून माणूस न्हाणीघरात कोसळतो. नाडी मंद होते, नाक चोंदतं. आणि रेसर्पिनने मन खचतं, हे जुन्या डॉक्टरांना चांगलं माहीत होतं. नवरा गेलेली, घरात एकटी राहणारी बाई बारीकसारीक बोलण्यावर रडायला लागली, तर मी आधी तिच्या सहाणेवर काय आहे ते विचारेन. मुळी दुसऱ्याच कशाची असेल तर मग बोलायलाच नको. मुळी कुठलीही असो, थांबवा, आणि केंद्रात मोकळेपणाने दाखवा. ओरडा बसला तर काकूंनी ऐकून घ्यावा.

खाण्यावर मी फार लिहीत नाही, नाहीतर आई माझंही नाव टाकेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून सपाट एक चमचा. आमटीतलं मीठ सगळ्यांना दिसतं. कोकमाच्या आगळातलं कुणी मोजत नाही, खाऱ्या बांगड्यातलं तर नाहीच. सोलकढी आगळाची असेल तर वरून मीठ टाकू नये. खारा बांगडा आठवड्याला एकदा, चांगला भिजवून, पाणी ओतून. सैंधव हेही मीठच, उपासाचं म्हणून त्याला सूट नाही. आणि ‘प्रेशरवाल्यांचं कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे मिळतं ते तुम्ही प्रेमाने नेऊ नका. त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवतं. रक्त तपासल्याशिवाय ही जोडी घालायची नाही. घरच्या माडाचं शहाळं अधूनमधून प्यायली तर प्यायली, मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री करून.

चुलतभावाच्या मशीनबद्दल एक शंका. दंडाला लावायचं आहे ना? मनगटाचं असेल तर त्याच्या आकड्यावर भांडू नका. तुम्ही मोजलंत ते भांडणाच्या आधी की नंतर? पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, पाच मिनिटं गप्प बसल्यावर, चहा घेऊन अर्धा तास झाल्यावर मोजायचं. दोनदा मोजायचं, मध्ये मिनिटभर सोडून. मोजताना बोलायचं नाही, आणि मुलाने समोर उभं राहून आकड्याकडे डोळे वटारायचे नाहीत. आठवडाभर रोज असं लिहून ठेवलंत तर तो कागद डॉक्टरांना माझ्या या सगळ्या पत्रापेक्षा उपयोगी पडेल. घरी १३५/८५ च्या खाली राहिलं तर गाडी रुळावर आहे असं समजायला हरकत नाही. आकड्याबरोबर उठताना चक्कर येते का, तेही लिहा.

दिवाळीला आली की रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा, आणि पोटॅशियम तपासून घ्या. टेल्मिसार्टन घेणाऱ्याची ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, म्हणजे तीन वर्षांत झाली नसणार. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी काही बदललं तर चिठ्ठीचा फोटो त्याच दिवशी आशाताईंना पाठवा, नाहीतर गावी परतल्यावर जुनी पांढरी गोळी पुन्हा सुरू होईल.

फोनवर ‘गोळी घेतलीस का’ रोज विचारू नका, ती ‘होय’ म्हणायला शिकेल. पाकिटात किती उरल्या ते आठवड्यातून एकदा विचारा, आणि पाय कसे आहेत ते.

कणकवलीहून कोकणकन्येला बसवाल तेव्हा सामान बाकाखाली जातं आणि ठाण्याला उतरताना धांदल उडते. गोळ्या सामानात नकोत, तिच्या हातातल्या पिशवीत, पाकिटासकट, चार दिवसांच्या जास्तीच्या. करंडा घेऊन यायचं म्हणाली तर येऊ दे.

– तुमची ताई